पोचवायला नऊ, जाणारा एक

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या खापर गावात कुणी विमानात बसणार म्हटलं की पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो, गाडीचा असतो. 'गाडी कोणती?' दुसरा प्रश्न, 'जागा किती?' तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. माणूस थेट पिशवी घेऊन दारात उभा राहतो.

गेल्या मार्चात भाचा जर्मनीला शिकायला निघाला. जाणारा एक, पोचवणारे नऊ आणि क्रूझर हाकणारा मामा मी. नवव्याला बसवण्यासाठी मधल्या सीटवरच्या एका बॅगेला टपावर जावं लागलं. ती बॅग भाच्याची होती.

सुरतचं विमानतळ आम्हाला जवळ. पण तिथून परदेशी विमानं उडतात ती मोजकीच, आणि जर्मनीचं तिकीट मुंबईचं निघालं. मुंबई म्हटल्यावर घरात नवा वाद. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचंही विमानतळ सुरू झालंय, त्यामुळे चुकीच्या विमानतळावर पोचण्याची सोय आता वाढली आहे. तिकीट चार जणांनी वाचलं, पाचव्याने उलटं धरून वाचलं आणि 'सहार', म्हणजे जुनंच विमानतळ, असा निकाल लागला.

विमान पहाटे साडेतीनचं. तीन तास आधी या, असं विमान कंपनी सांगते. आमच्या बैठकीत त्यात भर पडली. एक तास घोडबंदरचा, एक पंक्चरचा, एक आजीच्या गुडघ्यांचा आणि दोन 'असू द्यावेत हाताशी' म्हणून. सकाळी नऊला निघायचं ठरलं. साडेअकराला निघालो, कारण शेजारच्या काकूंची बिबडी वाळायची होती आणि ती भाच्याबरोबर जर्मनीला जाणार होती.

बॅगेला मर्यादा तेवीस किलोंची. आत नंदुरबारची मिरची, घरचं आमचूर, कुरडया, शेवया, तुरीची डाळ, लोणच्याची बरणी आणि उरलेल्या जागेत कपडे. घरात काटा नाही, म्हणून बॅग आमचूरचा माल घेणाऱ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे नेऊन तोलली. बावीस किलो आठशे ग्रॅम. 'बघा, दोनशे ग्रॅम वाचले,' म्हणत आजीने खोबऱ्याची वाटी आत सरकवली. विमानाच्या सामानात सुकं खोबरं चालत नाही, त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, असं भाच्याने समजावलं. आजी म्हणाली, ''साठ वर्षं चुलीशेजारी ठेवलंय. कधी पेटलं नाही.'' खोबरं बाहेर निघालं आणि सागबारा येईपर्यंत आम्ही ते गुळाबरोबर संपवलं.

सागबारा गुजरातेत. पुढे डेडियापाडा, नेत्रंग, अंकलेश्वर, मग सुरत उजव्या हाताला ठेवून वापी. महाराष्ट्रातल्या माणसाला महाराष्ट्राच्या राजधानीला जायचं, तर आम्ही आधी परराज्यात जातो आणि तलासरीला पुन्हा स्वदेशी परततो. चारशेच्या वर किलोमीटर. सुरुवातीच्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. बोलायला जीभ दातांखालून सुटली पाहिजे. आमची नंबरप्लेट एमएच ३९. गुजरातेत चहावाला विचारतो, ''महाराष्ट्रातले का?'' मनोरजवळ ढाबेवाला विचारतो, ''गुजरातचे का?'' नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला, पण बातमी अजून वाटेतच असावी. त्या ढाब्यावर आम्ही अकरा चहा मागवले आणि घरच्या दशम्या सोडल्या. ढाबेवाल्याने मग पुढचं काही विचारलं नाही.

रात्री सहार. निघणाऱ्यांसाठीचा रस्ता गाडी घेऊन थेट वर चढतो. क्रूझर चौथ्या मजल्यावर आली म्हटल्यावर आजीने हात जोडले. विमानतळाला की माझ्या गाडी चालवण्याला, ते कळलं नाही.

खापरच्या स्टँडवर कुणाला पोचवणं म्हणजे निवांत काम. कंडक्टरही घंटी हातात धरून थांबतो. त्यालाही सून कोणाची नि निघाली कुठे ते ऐकायचं असतं. विमानतळाच्या दारापाशी मात्र गाडी उभी ठेवायची नसते. माणूस उतरवायचा, सामान उतरवायचं, निघायचं. मागे गाड्यांची रांग आणि पुढे शिट्टीवाला. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्यापुढे एक बॅग होती आणि तिच्याभोवती आमचं अर्धं गाव.

आजी तरातरा दाराकडे निघाली. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत म्हटल्यावर तिने बटव्यातून आधार कार्ड काढलं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून आजीची समजूत आहे की या कार्डाने सगळी दारं उघडतात. दारावरच्या जवानाने कार्ड अदबीने पाहिलं, अदबीने परत केलं. अख्ख्या देशाला ओळख वाटायला आमच्या जिल्ह्यातून सुरुवात झाली, आणि आम्ही दाराबाहेर.

मग नमस्कार. पोचवणारे नऊ, मिनिटं तीन. म्हणजे माणशी वीस सेकंद, त्यात वाकणं, उठणं आणि डोळे पुसणं आलं. मी स्टिअरिंगवर. माझ्या वाट्याचा नमस्कार त्याने बाजूच्या आरशाला केला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

उतारावर लागलो तोच फोन. ''मामा, बॅग पंचवीस किलो तीनशे भरली.'' फोन स्पीकरवर गेला आणि क्रूझरमध्ये सभा भरली. मिरची काढायची नाही. आमचूर तर नाहीच. लोणचं काढलं तर काकूंना कोण सांगणार? नऊ तोंडांचा एकमुखी ठराव झाला: पुस्तकं आणि कपडे काढ. भाच्याने दोन स्वेटर नि एक कोट अंगात चढवले, जर्मन शब्दकोश कोटाच्या खिशात कोंबला आणि मार्चच्या उकाड्यात मुंबईहूनच जर्मनीची थंडी नेसून निघाला. बॅग तेवीसवर आली.

गाडीत हायसं झालं. मागच्या सीटवरचे अण्णा तेवढे गप्प होते. ते दरसाल त्याच व्यापाऱ्याला आमचूर घालतात. वसईची खाडी ओलांडेपर्यंत त्यांची बोटं पेरांवर हलत होती.

''खापरला किती भरली होती रे?''

''बावीस आठशे.''

''आणि इथे पंचवीस तीनशे.''

''हो.''

''म्हणजे क्विंटलमागे दहा किलो,'' अण्णा म्हणाले. ''किती वर्षं झाली रे मला माल घालून?''

कुणी उत्तर दिलं नाही. पोरगा परदेशी गेल्याचं दुःख एकाएकी मागे पडलं. ज्याच्या-त्याच्या डोळ्यांपुढे आपापली पोती तरंगू लागली. आजवर आम्ही भाव पाडल्याबद्दल ओरडत आलो. काट्याकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. आमच्या गावाचं खरं वजन कळायला एका बॅगेला जर्मनीचं तिकीट काढावं लागलं.

चारोटीच्या आसपास अण्णा पुन्हा बोलले. आमचूरचा हंगाम तोंडावर आलाय. या वेळी माल खरा काटा असेल तिथेच तोलायचा.

''सहारला?'' मी विचारलं.

मागून एकदम आवाज आले, ''गाडी कोणती? जागा किती?''