निनावी कॅराव्हॅनचं कुलगोत्र

ब्रिटनमधल्या एखाद्या शेताच्या कोपऱ्यात, काटेरी झुडपांत वर्षानुवर्षं पडलेली निनावी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, हुडकून तिचं कुळ शोधणाऱ्या मंडळींचं कौतुक करावं तेवढं थोडंच. खिडकीचा गोल कोपरा दिसला की एकजण छातीठोकपणे सांगतो, ‘एकल्स!’ कॅराव्हॅन बांधणारं १९१९ सालचं बर्मिंगहॅमचं घराणं, म्हणजे प्रश्नच मिटला. दुसरा ‘स्प्राइट’ म्हणतो. पण ती दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम आल्पर यांनी सामान्यांच्या खिशाला परवडावी म्हणून काढलेली, तेव्हा हे स्थळ पाहताक्षणीच नापसंत. चासी घासल्यावर अखेर पट्टी सापडते, तीही नुसती चासी बनवणाऱ्या कारखान्याची. म्हणजे आजोळ कळलं, वडील अजून बेपत्ताच.

याउलट १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ ही कॅराव्हॅन बांधून घेतली. ओढायला घोडे, बांधणाऱ्याचं नाव-गाव ठाऊक. असल्या सरळमार्गी गाडीत संशोधनाला वाव तो काय?

निनावी गाडीचं कुळ सापडो न सापडो, मग तिचा जीर्णोद्धार. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सोलताच आतला लाकडी सांगाडा भुगा होऊन हातात येतो. सांगाडा नवा, पत्रा नवा, खिडक्या नव्या, चाकंही नवी. निष्ठा अशी की नाव ठाऊक नसलेल्या कारागिराच्या मूळ कल्पनेला कुठेही धक्का लागत नाही. आमची एक नम्र सूचना : यापुढे गाडी आणण्याचाही खटाटोप नको. मूठभर मूळ भुगा बरणीत भरून आणावा आणि तिच्याभोवती नवी कॅराव्हॅन बांधावी.

एवढं करूनही पहिल्या पावसात छप्पर गळलंच, तर मुळीच दुरुस्त करू नये. अस्सलपणाचा तेवढा एकच पुरावा हाती उरलेला असतो.