मागच्या बाजूची माणसं

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या माणसावर आयुष्यात तीन मोठे संस्कार होतात: मुंज, लग्न आणि रिडेव्हलपमेंट. तिन्हींत त्याला कोणी काही विचारत नाही, तिन्हींत सही मात्र (मुंजीत सही नसते, तिथे केस) द्यावी लागते. आमच्या सोसायटीचा तिसरा संस्कार ठरला, बिल्डरने घर रिकामं करायची तारीख दिली, आणि सगळ्या बिल्डिंगीला एकदमच आपल्या घरात माळा असल्याचं आठवलं.

आमच्या माळ्यावरून तांब्याचा बंब निघाला, दोन पिढ्यांचा पाळणा निघाला, कशाचं तरी झाकण निघालं. झाकण तेवढं आईने ठेवून घेतलं. सगळ्यात शेवटी थोरल्या काकांची पत्र्याची ट्रंक. तिच्यात जुनी रेशनकार्डं, रेल्वेचे पास आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक एलपी रेकॉर्ड. शंकर-जयकिशन. ‘रागा जॅझ स्टाइल’. एचएमव्ही, १९६८.

“तेव्हा आपल्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता?” मी आईला विचारलं.

“कुठला प्लेअर? रेडिओ होता. बुधवारी रात्री आठला काका त्याला चिकटायचे ते बिनाका संपल्यावरच सुटायचे.”

“मग रेकॉर्ड कशाला घेतली?”

“प्लेअर लग्नात मिळेल असं त्यांना वाटत होतं.”

काकांचं लग्न झालं नाही. त्यामुळे रेकॉर्ड वाजली नाही. अर्धशतकाहून जास्त काळ ती त्या ट्रंकेत कोरी करकरीत पडून होती.

आता ‘बरसात’पासून ‘ब्रह्मचारी’पर्यंत ज्यांची गाणी अख्ख्या देशाने म्हटली, त्या जोडीची एक रेकॉर्ड आपल्याला माहीत नाही म्हणजे काय? मी लोकांना विचारत सुटलो. चित्रपटसंगीतवाल्यांनी विचारलं, “लता की रफी?” दोघंही नाहीत म्हटल्यावर त्यांचा रस संपला. शास्त्रीयवाले ‘जॅझ’ या शब्दापाशीच उठले. आणि जॅझवाल्यांना विचारावं, तर आमच्याकडे जॅझवाले नव्हतेच. मुंबईतला जॅझ कुलाब्याच्या हॉटेलांत जन्मला आणि १९७८ पासून जॅझ यात्रेच्या निमित्ताने धोबीतलावच्या रंगभवनात नांदला, पण तो दादर ओलांडून इकडे फारसा आला नाही. बहुधा परतीच्या शेवटच्या लोकलची त्याला खात्री नसावी. एकूण काय, तिन्ही घरच्या या पाहुण्याचं जेवण दुसरीकडे झालं असेल, असंच तिन्ही घरांना वाटत राहिलं.

खरं तर मुहूर्त उत्तम होता. लंडनमध्ये कलकत्त्याचा जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरियट यांनी १९६६ साली सतार आणि जॅझ एका पंगतीला बसवले होते. १९६८ च्या जानेवारीत बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईला येऊन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याच वादकांकडून ‘वंडरवॉल’चं संगीत वाजवून घेऊन गेला. माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’ यायला अजून दोन वर्षं होती, जॉन मॅक्लॉफ्लिनने महाविष्णू हे नाव लावून ऑर्केस्ट्रा काढायला तीन, आणि झाकीर हुसेनबरोबर ‘शक्ती’ उभी करायला त्याहून जास्त. जॅझ आणि रॉकच्या लग्नाची बोलणी जगभर चालू होती, तेव्हा आमच्याकडे सतार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि तबला यांचं एका रेकॉर्डवर रीतसर लागून गेलं होतं. फक्त वऱ्हाडी आले नाहीत.

अंधेरीला लोखंडवालात रेकॉर्डी जमवणारा एक तरुण राहतो, असं कळलं. त्याने हातमोजे घालून काकांची रेकॉर्ड बाहेर काढली, दिव्याखाली तिरकी धरली आणि श्वास रोखला.

“एकदाही वाजलेली नाही?”

“नाही.”

“मग आता वाजवू नका. वाजवलीत की किंमत उतरेल.”

वर त्याने मला चरणजीत सिंग यांची गोष्ट ऐकवली. हिंदी चित्रपटांत वर्षानुवर्षं गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारा हा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी नव्या जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती रेकॉर्ड दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि सत्तरीत पोचलेल्या चरणजीत सिंगांना युरोपातली पोरं नाचायला बोलावू लागली. २०१५ मध्ये ते गेले. पण निदान कौतुक ऐकून गेले.

घरी येऊन मी हा पेच मांडला. बायको म्हणाली, “विकून टाका, नव्या घरात ट्रॉली घेऊ.” मुलगा म्हणाला, “यूट्यूबवर असेल, ते ऐका आणि ही विका.” आई म्हणाली, “काकांनी एवढी वाट बघितली, एकदा वाजवा तरी.” आमच्या घरात बहुमत नेहमी बायकोकडे असतं आणि निर्णय नेहमी आईचा होतो.

प्लेअर घाटकोपरच्या मेव्हण्याकडे मिळाला. मात्र त्यावर त्याचीच एक रेकॉर्ड लावून पाहिली, तेव्हा लता मंगेशकरांचा आवाज हेमंतकुमारांच्या दिशेने निघाला. पट्टा सैल झाल्यामुळे पट्टी उतरली होती. घाटकोपर स्टेशनजवळच्या गल्लीत एक म्हातारे मेकॅनिक निघाले. त्यांनी पट्टा बदलला, तबकडीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक गोल कागद ठेवला आणि दुकानातले एलईडी बंद करून कोपऱ्यातली जुनी चोकवाली ट्यूब लावली. तबकडी फिरू लागली. कागदावरच्या पट्ट्या आधी मागे सरकत होत्या. त्यांनी स्क्रू केसभर फिरवला, पट्ट्या रेंगाळल्या, आणखी केसभर फिरवला आणि त्या चक्क उभ्या राहिल्या. तबकडी गरगर फिरतेय आणि पट्ट्या जागच्या जागी! “ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिचकते,” ते म्हणाले. “वेग मिनिटाला बरोबर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांवर आला की पट्ट्या थांबतात. या एलईडीत ही गंमत नाही, म्हणून ही ट्यूब जपलीय.”

रविवारी सकाळी वाजवायचं ठरलं. श्रोत्यांत घरचे, शिवाय दुसऱ्या मजल्यावरचे अप्पा. अप्पा म्हणजे पक्के कानसेन. सवाई गंधर्वला जाऊन आले की पुढे महिनाभर ते खाली किराणा आणायलाही विलंबित लयीत जातात. शंकर-जयकिशन यांच्यावर त्यांचा जुना राग आहे आणि तो त्यांना कुठल्याही प्रहरी गाता येतो. कारण ‘बसंत बहार’. १९५६ च्या त्या चित्रपटात याच जोडीने भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांची जुगलबंदी केली, आणि कथेची गरज म्हणून भीमसेनजींना हरावं लागलं. अप्पांनी तो निकाल अजून मान्य केलेला नाही.

सुई टेकली. तोडी सुरू झाला. सकाळची वेळ, सकाळचा राग. अप्पांना हरकत घ्यायला जागा मिळेना. सतारीवर रईस खाँ, विलायत खाँसाहेबांचे भाचे. तार अशी गात होती की अप्पांची मान आपोआप डोलली, आणि तेवढ्यात मागून ड्रमवाल्याने दार उघडून आत यावं तसा ठेका धरला. मान मध्येच थांबली. भैरव झाला. मग थेट मालकंस.

“अहो, सकाळचे साडेनऊ वाजलेत!” अप्पा ओरडले. “आत्ता भैरव होता, लगेच मध्यरात्र?”

खरं होतं. अकरा राग एका रेकॉर्डवर. कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, पिलू, शिवरंजनी करत शेवटी भैरवी. सगळे प्रहर आणि वर एक पावसाळा दोन बाजूंत उरकलेला. आलापीला सवड नाही, पण राग मोडलेलाही नाही. सतार स्वरांची चौकट आखून देते आणि मग सॅक्सोफोन, ट्रम्पेट, गिटार तिच्यात येऊन यथेच्छ बागडतात. मुलगा जरा ऐकून म्हणाला, “हे आपल्या बँजो पार्टीसारखं आहे, फक्त सुरात.” मला ती समीक्षा पटली. गणपतीच्या मिरवणुकीत बुलबुल, कॅसिओ आणि ताशा एकत्र ऐकून वाढलेल्या पोराला फ्यूजन समजावून सांगावं लागत नाही.

मी कव्हर उलटं करून वाचू लागलो. रईस खाँ तर होतेच. सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, पियानो लुसिला पाचेको, बास एडी ट्रॅव्हास, ड्रम लेस्ली गोदिन्हो, गिटार अनिबाल कास्ट्रो आणि दिलीप नाईक, तबला रमाकांत, बासरी सुमन.

“नाईक कुठले?” आईने लगेच विचारलं.

ते कव्हरवर नव्हतं. पण नाव होतं, हेच किती! ‘कश्मीर की कली’मध्ये शम्मी कपूर झिंगून गातो तेव्हा शब्दांपेक्षा जास्त झिंगलेला तो सॅक्सोफोन मनोहारी सिंगांचा. ‘आराधना’त शेकोटीभोवती राजेश खन्ना आणि शर्मिला फिरतात तेव्हा मागून धग लावणारा सॅक्सोफोनही त्यांचाच. आम्ही तो आयुष्यभर ऐकला आणि श्रेय शम्मी कपूरच्या मानेला दिलं. यातली बरीच मंडळी गोव्याची. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन वाचायला शिकवत. ती पोरं मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडांत (गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत) राहिली, रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा स्टुडिओत प्रेमगीतं वाजवू लागली. पडद्यावर नायकाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. शंभर जणांचा ताफा म्हणजे नुसता ‘ऑर्केस्ट्रा’. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी पंचमला आणि प्यारेलालना धडे दिले, तरी देशाला त्यांचं नाव कळलं ते १९७७ मध्ये पडद्यावर तेच नाव सांगत अमिताभ अंड्यातून बाहेर आला तेव्हा. प्यारेलालनी आपल्या गुरूला वाहिलेली ती आदरांजली, आणि आम्ही समजलो ते विनोदी पात्र.

या एका रेकॉर्डवर मात्र गायक नव्हता, नायक नव्हता, झाडाभोवती फिरणारं कोणी नव्हतं. गाण्याच्या दोन ओळींमधली जागा भरत ज्यांची हयात गेली, त्यांना कोणीतरी म्हणालं, आज मध्ये कोणी येणार नाही, तुम्हीच वाजवा. ते किती खुशीत वाजवत होते, ते ऐकू येत होतं. काकांनी अशी रेकॉर्ड का घेतली, याचा मला तेव्हा उलगडा झाला. रेल्वेच्या हिशेबखात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. लोकल वेळेवर आली तर नाव मोटरमनचं, उशिरा आली तर रेल्वेचं. हिशेबखात्याचं कधीच नाही.

अप्पा भैरवी संपेपर्यंत बसले. “हा राग नव्हे,” असं बजावून उठले. रात्री त्यांचा मेसेज आला: ‘जयजयवंती तेवढा मोबाइलवर पाठवता येईल का? सौ. ना ऐकवायचाय.’

आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाच्या सांस्कृतिक समितीवर मी आहे. यंदा ऑर्केस्ट्राच्या फ्लेक्सवर वादकांची नावं छापायची, असा ठराव मी मांडला. “वादकांची?” अध्यक्ष म्हणाले. “त्यांना ओळखतं कोण?” “म्हणूनच,” मी म्हणालो. हे उत्तर कोणाला समजलं नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

नावांसाठी ऑर्केस्ट्राच्या मालकांना फोन केला. तेही अडखळले. मोबाइलमध्ये त्यांच्याकडे ‘बंटी ऑक्टोपॅड’, ‘ढोलक डोंबिवली’ आणि ‘सॅक्स वसई’ एवढीच नोंद होती. सॅक्स वसईला मी स्वतः फोन लावून पूर्ण नाव विचारलं. तिकडे जरा वेळ शांतता. मग हलक्या आवाजात, “का हो, कोणी कम्प्लेंट केलीय का?”

अखेर फ्लेक्स लागला. पाऊण भागात भावी नगरसेवक हात जोडून उभे, उरलेल्या पावात गणपती, आणि भावी नगरसेवकांच्या बुटांखाली दोन ओळींत सगळे वादक, नाव-आडनावासकट. कार्यक्रमाच्या दिवशी सॅक्स वसई तासभर आधी आला. त्याने वाकून आपलं नाव शोधलं, दोनदा वाचलं, स्पेलिंग तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला,

“साहेब, छान केलंत. फक्त एक विचारतो. नाव छापलंय म्हणून मानधनात काही कापणार नाही ना?”