बाळ म्हणतंय

प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत एक तरी माणूस असं असतं, ज्याला बाळाच्या मनातलं सगळं कळतं. कुणाकडे ती आत्या असते, कुणाकडे शेजारच्या काकू. आमच्याकडे आक्का. नात्यानं आईची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी. पण सांगलीच्या गावभागापासून साताऱ्यापर्यंत सगळ्यांची ती आक्काच.

साताऱ्याच्या दवाखान्यातून मी लिंबला माहेरी आले आणि दुसऱ्याच दिवशी आक्का कराडला एसटी बदलून हजर झाली. पिशवीत हळीव, डिंक, बाळंतशेपा, जुन्या लुगड्याची दुपटी आणि वाटेत लागेल म्हणून घेतलेला भडंगाचा पुडा. हातपाय धुऊन तिनं पाळण्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाळ म्हणतंय, आजी, इतके दिवस कुठं होतीस गं?"

बाळ गाढ झोपलं होतं.

तेव्हापासून बाळाचं वकीलपत्र तिच्याकडे. स्वतःचं मत म्हणून ती काही बोलायचीच नाही. पंखा जोरात असला की "बाळ म्हणतंय, गारठलो." मी मोबाइल हातात घेतला की "बाळ म्हणतंय, आईला ते दुसरं लेकरू जास्त लाडकं." भेटायला आलेल्या काकूंनी कंदी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरला, तर बाळाचं म्हणणं आलं, "आईला गोड सोसायचं नाही, आक्काला द्या." पुडा तिकडे गेला.

खरी सुनावणी संध्याकाळी. दिवसभर शहाण्यासारखं पिणारं लेकरू दिवेलागणीला बिथरायचं. दोन घोट घ्यायचं, तोंड काढायचं, मान मागं टाकायची, धनुष्यासारखं ताठ व्हायचं. मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद. पुन्हा छातीला लावावं तर डोकं इकडून तिकडे घुसळणार. चार घरं ओलांडून रडणं जायचं. माझ्या पाठीतून घाम, डोळ्यांत पाणी, आणि दारातून आक्का: "बाळ म्हणतंय, दुपारी वांगं खाल्लंस नव्हं?"

मी म्हटलं, "आक्का, डॉक्टर म्हणाले, वांगं चालतं."

"डॉक्टरला काय कळतंय! पोटात त्याच्या दुखतंय." मग थोडं थांबून, "आणि म्हणतंय, बारा मोटांच्या विहिरीच्या गावात ऱ्हाऊन हिला तांब्याभर पाणी पिता येईना व्हय?"

लिंबची ती विहीर शाहू छत्रपतींच्या काळातली, पार पुण्या-मुंबईहून लोक बघायला येतात. तिचा बाळंतिणीच्या तांब्याशी संबंध लावणारी आमची आक्का पहिलीच असावी.

पण तोंड असं चालू असताना हात मात्र वेगळंच काही करत असायचे. रडणारं लेकरू तशा अवस्थेत पुन्हा लावायचंच नाही, हे तिच्या हातांना पाठ होतं. आधी उचलून खांद्यावर, पाठीवर खालून वर हात, एक ढेकर. मग माझ्या पाठीमागं उशी, खांदे खाली. बाळाचं नुसतं तोंड वळवायचं नाही, अख्खं बाळच माझ्याकडे वळवायचं, पोटाला पोट लागेल असं. कान, खांदा, कुल्ला एका रेषेत. ओठाला स्पर्श करून थांबायचं. जांभईएवढं तोंड उघडलं की बाळ छातीकडे आणायचं, आपण बाळावर वाकायचं नाही. हनुवटी आधी टेकली पाहिजे, आणि नुसती बोंडशी तोंडात नको, भोवतीचा काळा भागही हवा. एकदा पान्हा फुटून दूध चिळकांडीनं उडालं आणि बाळ ठसकलं, तेव्हा तिनं ते जरा बाजूला घेतलं, पहिली धार फडक्यात जाऊ दिली, मग पुन्हा लावलं. गटक गटक आवाज सुरू झाला. त्या वेळी मात्र बाळ काहीच म्हणालं नाही.

तिच्या वकिलीला तोड मिळाली ती आशाताईंकडून. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात बाळांसाठी जे काम उभं केलं, त्यातूनच ही पद्धत देशभर आली. सातव्या दिवशी त्यांनी झोळीच्या काट्यावर बाळ तोललं. वजन जन्मापेक्षा किंचित कमी. आक्काचा चेहरा खुलला. तिनं सहाण, वेखंड, जायफळ आणि मधाची बाटली तयारच ठेवली होती.

"बाळ म्हणतंय, आईचं दूध पुरंना. गुटी पायजे."

आशाताईंनी वहीतून मान वर केली नाही. "शू किती वेळा करतंय?"

"लंगोट वाळत घालायला दोरी पुरंना," आई म्हणाली.

"सहाच्या वर? मग दूध पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत भरून निघतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. संध्याकाळी घटकेघटकेला मागतात, मागू द्या." मग शांतपणे आक्काकडे वळून म्हणाल्या, "आणि आजी, बाळ मला आत्ताच म्हणालं, सहा महिने मला आईच्या दुधाशिवाय काही नको. पाणी नको, मध तर अजिबात नको."

आयुष्यात पहिल्यांदाच आक्कावर कुणी तिचाच अशील उलटवला होता. सहाण देवघरात गेली. पुढच्या खेपेला काटा जन्मवजनाच्या पुढे सरकला, तेव्हा आक्का बाळाच्या कानाशी लागून म्हणाली, "बघितलंस? मी म्हटलं नव्हतं, दूध भरपूर हाय म्हणून?"

एका रात्री, अडीच-तीनच्या सुमाराला, बाळ नुसतंच चुळबुळत होतं. पीत नव्हतं, झोपत नव्हतं. आक्का उठली, माझ्या मांडीवरून त्याला अलगद काढून घेतलं आणि अंधारात येरझाऱ्या घालायला लागली. मला वाटलं, आता लसूण किंवा पंखा, काहीतरी निघणार. "बाळ म्हणतंय," ती हळूच म्हणाली, "आई दमलीया. तिला निजू दे."

असलं काही ती मला सरळ म्हणाली असती, तर मला रडूच फुटलं असतं. बहुतेक तिलाही.

बारसं झालं, पाहुणे पांगले. बाबांनी तिच्यासाठी सांगलीच्या गाडीची चौकशी सुरू केली, तोच पाळण्याकडून निकाल आला: "बाळ म्हणतंय, आक्काला अजून आठ दिवस ठेवून घ्या."

तेवढ्यात सांगलीहून काकांचा फोन. आक्कानं स्पीकर लावला. काका जन्मभर कमी बोलणारे. पण चाळीसेक वर्षांचा संसार या बाईबरोबर केलेला.

"मांजर म्हणतंय," पलीकडून आवाज आला, "मला दूध कोण घालणार?"

आक्कानं दुपट्याची घडी घातली. "मांजराला म्हणावं, पातेलं फ्रीजमध्ये हाय. तापवून घ्यावं."