टोलमुक्त, इंधनमुक्त आणि शेवटी चालकमुक्त

जॉर्ज पोकॉक हे इंग्लंडातल्या ब्रिस्टलचे शाळामास्तर. १८२६ साली त्यांनी पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. त्या काळी तिकडे टोल घोडे मोजून आकारत. मास्तरांच्या गाडीला घोडाच नव्हता, त्यामुळे नाकेवाल्यांना काय मागावं तेच कळेना. हे मास्तर म्हणजे क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस यांचे आजोबा, पण खानिवड्याला टोल भरणाऱ्या माणसाला नातवापेक्षा आजोबाच थोर वाटणार.

मला तर ते इतके थोर वाटले, की मी तशी गाडीच करायला घेतली. बेत असा: कळंबच्या किनाऱ्यावर शिकायचं आणि थंडीत कच्छच्या रणात जाऊन मैलोन्मैल हुंदडायचं. भुजपर्यंत रेल्वेने न्यायची, म्हणजे गाडी सुटी होऊन बर्थखाली मावली पाहिजे आणि उचलायला हलकी पाहिजे. ‘हलकी’ हा शब्द तिथून माझ्या डोक्यात शिरला.

न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९०च्या सुमारास अशी पतंगगाडी पळवण्याचा खेळ लोकप्रिय केला. रचना साधी असते. तीन चाकं, बूड जवळजवळ जमिनीला टेकेल इतकी खाली बैठक. हात पतंगात गुंतलेले, म्हणून पुढचं चाक पायांनी वळवायचं. पतंग ओढतो वाऱ्याबरोबर, पण चाकं आडवी सरकत नाहीत, नुसती पुढे फिरतात. त्यामुळे गाडी वाऱ्याला आडवी पळते आणि सरावाचा माणूस वाऱ्यापेक्षाही वेगात जातो. ब्रेक नसतात. हे मी घरी सांगितलं नाही.

वालीवच्या एका वेल्डरकडे अ‍ॅल्युमिनियमचे पाइप घेऊन गेलो. त्याने नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “साहेब, भाजीची गाडी टाकताय?” वजन आणखी घटावं म्हणून मी पाइपांना जागोजागी भोकं पाडायला लावली. (ही गाडी पुढे वाऱ्यात बासरीसारखी वाजू लागली. सूर वाईट नव्हता.) बैठकीला आजीच्या खाटेची निवार विणली. पतंगासाठी पॅराशूटचं कापड आणलं. वारा भरून फुगणारे कप्पे शेजारीशेजारी शिवायचे होते, शिंपी म्हणाला, “एवढे अभ्रे एकमेकांना जोडून कशाला? सुटे शिवतो की!”

चाकं आधी सायकलची लावली. ती वाळूत सुरीसारखी घुसली आणि आडवा भार येताच एकाचे आरे वाकले. वाळूला रुंद टायर लागतं. मग बांधकामावरच्या एकचाकी हातगाडीची जाड चाकं बसवली आणि भोकं पाडून वाचवलेलं सगळं वजन एका दुपारी परत आलं. तरी मी पाइप कानशीने घासतच होतो. शेवटी बायको म्हणाली, “गाडीचं पाव किलो कमी करताय ते ठीक, पण वर कोण बसणार आहे?” हा प्रश्न मी तांत्रिक नसल्याच्या कारणावरून फेटाळला.

शनिवार-रविवारी कळंबला गर्दी असते, म्हणून मधल्या वारी रजा टाकली. (“पेट्रोल वाचवायला पगार कापून घेतलात?” हाही तिचाच प्रश्न.) ओहोटी, ओली घट्ट वाळू, दुपारचा वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केले आहेत: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे. परीक्षेत त्याचे गुणही मिळतात. मात्र याचा अर्थ पतंग कायम सुरूच्या बनावर उडणार, हे पुस्तकात नसतं.

पतंग वर गेला. गाडी वाजली. मी निघालो! सुरेख वेगाने, किनाऱ्याला समांतर, जाळी सुकवणाऱ्या बायकांना हात करायचा मोह आवरत. मग पुढचं चाक कोरड्या भुसभुशीत वाळूत रुतलं. गाडी थांबली. पतंगाला कुणी सांगितलं नव्हतं. दोऱ्यांच्या मुठी माझ्या हातात, त्यामुळे निवारीवरून उचललं गेलं ते फक्त मला. काही अंतर मी पोटावर प्रवास केला. मुठी सोडायच्या असतात हे आठवलं तेव्हा तोंडात वाळू होती. सोडल्यावर पतंग सुरूच्या शेंड्याला जाऊन बसला.

एक म्हातारे कोळीबाबा शांतपणे आले. “शीड मोठं, होडी हलकी,” ते म्हणाले. “थोडं वजन टाकायचं खाली.” खाली म्हणजे गाडीत. माझ्याकडे वजन होतं, पण ते सगळं वर होतं. खाली आणि रुंद, हेच या गाडीचं गणित, आणि मी ती अरुंद केली होती, बर्थखाली मावावी म्हणून. तोवर भरती लागली. बाबांच्या नातवांनी गाडी एका हाताने उचलून वर आणली. एवढी हलकी गाडी त्यांनी पाहिली नव्हती, असं ते म्हणाले. तेवढंच काय ते कौतुक.

खाऱ्या पाण्याने बेअरिंगं धरली आहेत. एकचाकीची तीन जाड चाकं मात्र चांगल्या स्थितीत आहेत. वसई-विरारमध्ये कुणाचं बांधकाम चालू असेल तर फुकट घेऊन जावीत. पाइप मागू नयेत. त्यांच्या भोकांतून बायकोने कारल्याचा वेल चढवला आहे आणि त्याला फळ धरलं आहे.