मासा मेला किती वाजता?

गोड्या पाण्यातला गोल्डफिश मेला तर घरात हळहळ होते. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नुकताच सोडलेला मासा मेला तर चौकशी समिती बसते. गोल्डफिशच्या मागे फक्त भावना असतात, इथे भावनांच्या जोडीला पावतीही असते. आणि समिती म्हटली की निकाल आधी लागतो, पुरावे सवडीने गोळा होतात. टँकच्या मालकाच्या मते दुकानदाराने रोगट माल गळ्यात मारला. दुकानदार फोनवरच सांगतो, "साहेब, तुमच्या पाण्यातच गडबड आहे." पाणी त्याने पाहिलेलं नसतं, पण त्याची खात्री असते. घरातल्या आजींच्या मते येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर लागली. तिघांत मला आजींची बाजू त्यातल्या त्यात निःस्वार्थी वाटते; त्यांना कुणाकडून पैसे परत घ्यायचे नसतात आणि कुणाला द्यायचेही नसतात.

तरीही प्रश्न तिघांचाही चुकतो, असं माझं म्हणणं आहे. कुणी मारलं हे मागाहून बघू. आधी विचारावं, मासा घरी आल्यापासून किती वेळाने मेला? अशा प्रकरणात घड्याळाइतका भरवशाचा साक्षीदार नाही, आणि नेमकी त्याचीच जबानी कुणी घेत नाही. सगळे धावतात टेस्ट किटकडे. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि मग नळी रंगांच्या तक्त्याशेजारी धरून ट्यूबलाइटखाली सगळ्या घराने वाद घालायचा, की हा पिवळा म्हणायचा की पोपटी? पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवट म्हणजे आहे. हिरवट निघाला की समिती समाधानाने माना डोलावते. पण मासा रात्री मेला आणि सकाळपर्यंत खडकामागे पडून राहिला, तर त्याच्या कुजण्यातूनही अमोनिया येतोच. मग टेस्टने सिद्ध काय झालं? टँकमध्ये कुणीतरी मेलंय. एवढं तर किट न उघडताही ठाऊक होतं.

कुणी म्हणेल, टँक नवा असेल तर अमोनिया खरोखरच जीव घेतो. मान्य. माशांच्या शरीरातून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर आणि फिल्टरमध्ये नीट वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. तेवढा धीर न धरता पहिल्याच आठवड्यात मासा सोडला असेल, तर तपास तिथेच आवरता घ्यावा. पण टँक जुना असेल आणि आधीचे मासे मजेत पोहत असतील, तर पाण्यावर संशय घेणं जड जातं. विषाला नव्याजुन्याचा भेद कळत नाही. नायट्राइटचं तर समुद्री माशांना फारसं भय नसतंच, कारण खाऱ्या पाण्यात भरपूर असलेलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोड्या पाण्यातली ही धास्ती शौकीन मंडळी सवयीने इकडे घेऊन येतात.

आता घड्याळाकडे वळू. मासा काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी गेला, तर माझा संशय पिशवीवर आणि पिशवी उघडणाऱ्या प्रेमळ हातांवर जातो. परगावाहून आलेला मासा रात्रभर बंद पिशवीत श्वास घेत असतो. पाण्यात अमोनिया साठत जातो, पण कार्बन डायऑक्साइडही साठतो. त्याने पीएच उतरतो, आणि उतरलेल्या पीएचला बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो, जो त्या मानाने निरुपद्रवी. मासा घाणीत असतो, पण सुखरूप असतो. मग पिशवी आपल्या हाती येते. ती उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो. तो एका अंकाने चढला तर विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो. आणि नेमक्या याच वेळी आपण माशाला सवय व्हावी म्हणून त्याला त्याच पाण्यात बसवतो, वरून एअर पंपची नळी सोडतो आणि दोन-दोन तास टँकचं पाणी थेंबथेंब घालत राहतो. पाहुणा उंबऱ्यावर गुदमरतोय आणि यजमान त्याला पाय धुवायला कोमट पाणी करतोय, असा हा प्रकार. दुसरी गोष्ट मिठाची. समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असतं. काही दुकानांत ते १.०१८ ते १.०२० वर ठेवतात, कारण मीठ वाचतं आणि परजीवींनाही थोडा चाप बसतो. समुद्री माशाच्या शरीरातलं पाणी सतत बाहेर ओढलं जात असतं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ बाहेर टाकतो. कमी खाऱ्यातून त्याला एकदम जास्त खाऱ्यात सोडलं, तर तो पाण्यात असूनही कोरडा पडतो. वरून पाहिलं तर एक खवलाही जागचा हललेला नसतो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की थेंबाथेंबाने सवय करा हे तर सगळेच सांगतात, ते काय वेडे आहेत? मुळीच नाहीत. क्रॉफर्ड मार्केटहून दादरला तासाभरात आणलेल्या पिशवीत अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो; तिथे हळूहळू हेच योग्य. तोच नियम रात्रभराच्या प्रवासाला लावला की घात होतो. अशा माशासाठी वेगळ्या टबात दुकानातल्याइतक्याच खारटपणाचं पाणी तयार ठेवावं, बंद पिशवी त्यात तरंगवून तापमान जुळवावं, उघडताच मासा तडक सोडावा आणि खारटपणा पुढच्या काही दिवसांत वाढवत न्यावा. त्यासाठी आदल्या दिवशी दुकानात फोन करून फक्त एक आकडा विचारायचा असतो. भाव कमी करण्यासाठी चार फोन करणारे लोक हा एक फोन करत नाहीत.

मासा दोन-चार दिवस बरा राहून गेला, तर माझं बोट व्हेल्व्हेटकडे. अ‍ॅमायलूडिनियम नावाचा हा सूक्ष्म परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंग स्वच्छ दिसतं आणि मालक निर्धास्त असतो. मासा धापा टाकतो, उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड करून उभा राहतो. घरचे म्हणतात, बघा, किती छान खेळतोय! अंगावर सोनेरी भुकटी दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मग जुने मासे कसे वाचले? आधी लागण होऊन गेलेल्या माशांत थोडीफार प्रतिकारशक्ती येते. प्रवासाने खचलेल्या नव्या माशाकडे ती नसते.

आठवडे उलटल्यावर मासा गेला की सायनाइडचं नाव निघतं. ही गोष्ट कपोलकल्पित नाही. १९६०च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये सोडियम सायनाइडचा फवारा मारून प्रवाळांतले मासे गुंगवून पकडले जाऊ लागले, आणि असे काही मासे पुढे मरतातही. पण घरबसल्या हे सिद्ध करता येत नाही, म्हणून हा आरोप सगळ्यांनाच सोयीचा पडतो. शिवाय बाजारातले बरेचसे क्लाउनफिश, म्हणजे आपले 'निमो', आता हॅचरीत जन्मलेले असतात. त्यांच्या बाबतीत हे कारण पुढे करू नये.

आणि सगळेच एका रात्रीत गेले, कोळंब्यांसकट? मग माशांना सोडा, खोलीची चौकशी करा. डासांवरच्या फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड असतात, ती जलचरांना अत्यंत विषारी. आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. रात्री वीज गेली होती का तेही विचारा, कारण खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्यापेक्षा कमी प्राणवायू विरघळतो.

तेव्हा पुढच्या वेळी टेस्ट किट शोधण्याआधी कागदावर दोन वेळा लिहा, मासा आल्याची आणि गेल्याची. दुकानदाराशी भांडायचंच असेल तर तो कागद हातात धरून भांडा. आणि बदली मासा लगेच आणू नका. व्हेल्व्हेटचा संशय असेल, तर उरलेले मासे उपचारासाठी वेगळ्या टबात काढून मोठा टँक किमान सहा आठवडे माशांविना ठेवावा लागतो.