चुकीची जोडी ओळखा

दहावीच्या इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न असतो : चुकीची जोडी ओळखा. चार जोड्या, त्यातल्या तीन खऱ्या, एक खोटी. धुळ्याच्या देवपुरातल्या शिकवणीवाल्यांनी या प्रश्नाचं शास्त्रच करून टाकलंय. खऱ्या जोड्या ढिगानं आहेत, खोट्या मोजक्याच. मग पोरांनी खोट्याच पाठ कराव्यात. वाडीभोकर रोडनं सकाळी सहाला दप्तर पाठीला लावून निघालेलं कोणतंही पोरगं थांबवा, कोणी काय लिहिलं नाही ते धडाधड सांगेल. कोणी काय लिहिलं हे मात्र विचारू नका. ते 'अपेक्षित' प्रश्नसंचात नाही.

आता आमची एक जोडी घ्या. वि. का. राजवाडे – धुळे.

पोरगं म्हणेल, चुकीची. कारण पुस्तकात राजवाड्यांसमोर 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने, 22 खंड' असं आहे. त्याला पूर्ण गुण. आता या गुणवंताला कोणी सांगायचं की हे राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी याच धुळ्यात गेले, त्यांच्या पश्चात 1927 साली इथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, आणि देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडला की तिथे पायी जाता येतं? सांगून उपयोग नाही. तो विचारेल, किती गुणांना?

गंमत बघा. या माणसानं वाड्यावाड्यांतून जुन्या कागदांचे रुमाल सोडवत, वाळवी झटकत अख्खा जन्म काढला. पहिला खंड 1898चा. अस्सल कागद दाखवा, मग बोला, एवढाच हट्ट. दहावीच्या पुस्तकात दुसऱ्या धड्यात ते येतात, तिसऱ्या धड्याचं नाव 'उपयोजित इतिहास'. म्हणजे इतिहास रोजच्या जगण्यात वापरायचा. आमच्याकडे तो वापरतातच. पहिल्या धड्यातला मिशेल फुको दोन गुणांना आणि राजवाडे एका गुणाला वापरून झाले की दोघांनाही मार्चमध्ये निरोप.

राजवाड्यांचा कागदाचा हट्ट तेवढा आम्ही पुढे चालवला. वर्गात काय झालं याचा कागद पाहिजे. 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून आठवीपर्यंत आठ साधनं : दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि आठवं 'इतर'. शिवाय प्रत्येक लेकरासमोर वर्णनात्मक नोंद. कल्पना उत्तम होती, हे आम्ही मनापासून सांगतो. पोराला वर्षातून दोनदा तराजूत टाकण्यापेक्षा रोज थोडं बघा, अडलं तिथे हात द्या, असं तिचं सार होतं. पण रोज बघायला वेळ लागतो आणि नोंदींची तयार पुस्तिका बाजारात मिळते. एका रजिस्टरात आम्ही पानभर पोरांसमोर एकच वाक्य पाहिलं : 'ऐतिहासिक घटनांमधील कार्यकारणभाव स्पष्ट करतो.' त्यातलं एक पोरगं दिवाळीपासून बापाबरोबर सुरतला होतं. तिथूनच स्पष्ट करत असावं.

नोट्स उतरवून घेण्याची परंपरा तर धुळ्याचीच. 1932 साली इथल्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. विनोबा बोलले, गुरुजींनी टिपलं, महाराष्ट्रानं वाचलं. आता सर बोलतात, पोरं टिपतात, आणि वाचतं कोणीच नाही, कारण तेच उत्तर गाइडात ठळक अक्षरात आहे. सरही तिथूनच सांगतात.

तर अशा या वातावरणात मध्यंतरी एक प्रशिक्षण झालं. कुठे झालं ते सोडा, अशी प्रशिक्षणं सगळीकडे एकाच हॉलमध्ये होतात. विषय : 'माध्यमिक स्तरावर इतिहास अध्यापनात रिट्रीव्हल प्रॅक्टिसचे उपयोजन'. तज्ज्ञ मार्गदर्शकांनी पडद्यावर हर्मान एबिंगहाउस दाखवला. या जर्मन गृहस्थानं 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून सिद्ध केलं की माणूस पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरतो. खालून एक मास्तर म्हणाले, "आमची पोरं त्याच्याही पुढची आहेत. पाठ न करताच विसरतात."

मग अमेरिकेतला 2006 सालचा रोडिगर आणि कार्पिकी यांचा प्रयोग आला. तो खरंच ऐकण्यासारखा आहे, म्हणून जरा थट्टा थांबवून सांगतो. कॉलेजच्या मुलांना उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला; काहींनी उतारा मिटून, जेवढं आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर पारडं फिरलं : आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात 56 टक्के, नुसतं वाचणाऱ्यांच्या 42. म्हणजे आठवण्याची धडपड हाच अभ्यास; रिट्रीव्हल प्रॅक्टिस म्हणतात ती हीच. विचारणं ही केवळ तपासणी नव्हे, शिकवणंच आहे ते. विचारायचं वारंवार, थोडं थोडं, मध्ये दिवस जाऊ देऊन, आणि चुकलं तर लगेच बरोबर काय ते सांगायचं. गुणांचा यात कुठेच संबंध नाही.

जुने मास्तर म्हणाले, "हे तर आमचे गुरुजी करायचे. रोज उभं करून विचारायचे." खरं आहे. फक्त त्यांच्या हातात छडी असायची, त्यामुळे तारखेपेक्षा वळ जास्त लक्षात राहिला. छडी गेली हे बरंच झालं, पण तिच्याबरोबर आम्ही विचारणंही टाकून दिलं आणि त्याला घोकंपट्टीमुक्त शिक्षण म्हटलं.

प्रशिक्षणाच्या शेवटी काय व्हायला हवं होतं? सर्वांना कोरा कागद देऊन 'आज काय आठवतंय' एवढं विचारायला हवं होतं. प्रत्यक्षात हजेरीची दुसरी सही झाली, गटाचा फोटो झाला आणि मोबाइलवर एक फॉर्म आला : प्रशिक्षण कसे वाटले? पर्याय : उत्तम, अतिउत्तम, प्रेरणादायी.

तरीही एका सरांनी ते मनावर घेतलं. नाव कशाला सांगायचं, उगाच त्यांची बदली व्हायची. नववी-दहावीवर इतिहास. त्यांनी काय केलं, तर तासाच्या सुरुवातीला पुस्तकं मिटायला लावून तीन प्रश्न. एक कालच्या धड्यावरचा, एक मागच्या आठवड्यातला, एक दिवाळीच्या आधीचा. वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहायचं, शेजारच्याशी ताडून पाहायचं, चुकलं ते स्वतः दुरुस्त करायचं. गुण नाहीत. पाच मिनिटांत खेळ खलास.

पहिल्या दिवशी पोरं घाबरली. "सर, कितीना पेपर शे?" पेपर नाही म्हटल्यावर जास्तच घाबरली. गुण नसलेला प्रश्न त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. एकीनं विचारलं, मग आम्ही कॉपी कशाला करायची? हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही परिषदेत मांडण्याच्या लायकीचा आहे.

आठवडाभरात भीती गेली. एका सकाळी सरांनी विचारलं, लिखित साधनं कोणती? पोरांनी सांगितली : पत्रं, बखरी, फर्मानं. मग सर म्हणाले, "आणि हे धुळ्यात बघायचं तर कुठे जायचं?" वर्ग गप्प. हे 'अपेक्षित'मध्ये नव्हतं. सरांनीच राजवाडे मंडळाचं नाव घेतलं तसा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तठे त आमनी रिक्षा थांबस." पोरगं रोज मंडळावरून जात होतं. इतिहास आत होता, पोरगं बाहेर सीएनजीचे पैसे मोजत होतं. आता राजवाडे त्याच्या डोक्यातून काढायचे म्हटले तरी निघणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी 1942नंतरच्या भूमिगत चळवळीवर प्रश्न होता. शिंदखेडा तालुक्यातून येणारं एक पोर उठलं आणि 14 एप्रिल 1944ला चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिन्याची गाडी कशी लुटली ते आजोबांनी सांगितलं तसं, हातवाऱ्यांसकट, सांगत सुटलं. तारीख बरोबर. गाव बरोबर. कार्यकारणभावसुद्धा आपोआप स्पष्ट झाला. हे पोर घटक चाचणीत नापासाच्या काठावर असतं. सरांनी त्याच घटनेवरून चलेजाव, प्रतिसरकार, तिथून थेट स्वातंत्र्यापर्यंत सगळे प्रश्न ओवून घेतले. नवी गोष्ट जुन्या ओळखीच्या गोष्टीला बांधली की टिकते, हे मानसशास्त्रही सांगतं. आजोबांना ते आधीच माहीत होतं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग वरिष्ठांना कळलं.

त्यांनी कौतुक केलं आणि विचारलं, "नोंद कुठे आहे?" सर म्हणाले, नोंद नाही, हेच तर त्याचं वैशिष्ट्य. वरिष्ठ म्हणाले, वैशिष्ट्य असू द्या, तपासणीला काय दाखवू? पुढच्या सोमवारी 'विनागुण प्रश्न नोंदवही' आली. रकाने : दिनांक, प्रश्न क्र. 1, प्रश्न क्र. 2, प्रश्न क्र. 3, बरोबर देणारे मुलगे, बरोबर देणाऱ्या मुली, एकूण, शेरा, स्वाक्षरी. नोंदवही भरायला वीस मिनिटं लागू लागली. तासाची उरलेली मिनिटं अभ्यासक्रमाला पुरेनात म्हणून प्रश्न तिनावरून एकावर आले. पालक सभेत एका गृहस्थांनी हरकत घेतली की आमच्या मुलानं रोज उत्तरं द्यायची आणि गुण शून्य, हा अन्याय आहे. त्यांचं समाधान म्हणून प्रत्येक प्रश्नाला अर्धा गुण ठेवला. अर्धा गुण येताच वहीचं मागचं पान शेजारच्याला दिसेनासं झालं, हात आडवे आले, आणि पंधरवड्यात शिकवणीत त्या प्रश्नांचा 'अपेक्षित' संच निघाला. किंमत वाजवी होती.

सरांनी उपक्रम बंद केला. नोंदवही अजून चालू आहे.

हे एकट्या सरांचं दुखणं नाही, राज्याचं आहे. पटत नसेल तर आकडे घ्या. मार्च 2019च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेनं द्यायचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. अभ्यासक्रमही नवा होता, हे खरं. निकाल आदल्या वर्षी 89.41 टक्के होता, तो 77.10वर आला. राज्यात हलकल्लोळ. अंतर्गत गुण तातडीनं परत आणले. 2020ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला आणि न दिलेल्या पेपरालाही सरासरीनं गुण मिळाले, निकाल 95.30. 2021ला परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95 टक्के. कमी विचारलं की जास्त पास. या दिशेनं आणखी एक पाऊल टाकलं तर शाळा बंद करून शंभर टक्के गाठता येतील.

इतिहासाला त्यात एक वेगळीच सवलत. सरकारची जी नियतकालिक मूल्यांकन चाचणी येते ती मातृभाषा, गणित आणि इंग्रजीची. इतिहासाला कोणी काही विचारत नाही. आम्हाला विचाराल तर इतिहासाच्या मास्तरांसाठी ही सोन्याची संधी आहे. ज्या विषयाचा आकडा वर कळवायचा नाही, त्यात पोरांना निवांत विचारता येतं. फक्त त्या कौतुक करणाऱ्या वरिष्ठांना कळू देऊ नका. दार लावून घ्या, पुस्तकं मिटायला लावा, तीनच प्रश्न विचारा, त्यातला एक धुळ्यातला ठेवा. फळ्यावरचं लगेच पुसून टाका, पुरावा राहायला नको.

वाचकहो, आता तुमची पाळी. वर न पाहता सांगा : राजवाड्यांचा पहिला खंड कोणत्या साली निघाला? नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानं किती टक्के राहिलं? आणि मार्च 2019चा निकाल किती होता? उत्तरं आमच्याकडे पाठवू नका. त्यांना गुण नाहीत आणि आमच्याकडे रकानाही नाही. पण पुढच्या रविवारी हेच तीन प्रश्न पुन्हा स्वतःला विचारा.