लाल बटणाचे मानकरी

प्रक्षेपण केंद्रावर नवं यंत्र दाखवायला कंपनीची फिरती गाडी येणार म्हटली, की कार्यालयात बैठकांना ऊत येतो. सिग्नलवर सहसा कुणी बोलत नाही. बोलायचं असतं ते पाहुणे कोण, शाल कुणाला, नाश्त्याचं बिल कोणत्या खात्यात आणि बटण कुणाच्या हस्ते यावर. ज्या इंजिनियरांसाठी ही गाडी येते, त्यांना शेवटच्या रांगेत खांबामागे बसवतात. हे फक्त आपल्याकडेच चालतं असा आपला एक न्यूनगंड आहे, तो आज दूर करू.

२५ ऑगस्ट १९६७. पश्चिम बर्लिनमधलं रेडिओ आणि दूरचित्रवाणीचं मोठं प्रदर्शन. पश्चिम जर्मनीत रंगीत प्रक्षेपण सुरू करायला खुद्द उपचान्सलर आणि परराष्ट्रमंत्री विली ब्रांट आलेले. समोर एक भलं मोठं लाल बटण. साहेबांनी भाषण केलं, हात बटणाकडे नेला आणि बटण पुरतं दाबलं जाण्याआधीच पडद्यावर रंग उमटले! बटण दिखाऊ होतं. खरं काम पडद्यामागच्या एका तंत्रज्ञाकडे होतं आणि त्याने क्षणभर घाई केली. घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या देशाच्या इतिहासात हा क्षण तेवढा वेळेआधी आला. आपल्याकडे असता तर त्या तंत्रज्ञाला कारणे दाखवा नोटीस निघाली असती. तीही वेळेआधी.

बटणाचं कौतुक झालं. आता कामाचं बोलू. खरा कार्यक्रम त्याआधी साडेचार वर्षं, हॅनोव्हरला उरकला होता. ३ जानेवारी १९६३ रोजी टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी युरोपीय प्रसारण संघाच्या तज्ज्ञांपुढे आपली ‘पाल’ पद्धत करून दाखवली. अमेरिकेत रंगीत टीव्ही आधीच आला होता, पण सिग्नल वाटेत जरा हेलपाटला की पडद्यावरची नटी हिरवी पडायची आणि घरमालक उठून रंगाचं बटण पिळत बसायचा. ब्रुख यांनी ही चूक टाळण्याच्या भानगडीत न पडता तिचा बंदोबस्त केला. रंगाच्या संकेतातला एक घटक एकाआड एक रेषेत उलटा पाठवायचा. वाटेत चूक झालीच तर एका रेषेत ती या बाजूला, पुढच्या रेषेत त्या बाजूला. टीव्हीत पहिल्या रेषेचा सिग्नल ६४ मायक्रोसेकंद रोखून धरायचा, दोन्हींची सरासरी काढायची, की रंगछटेची चूक फिटते. रंग किंचित फिका होतो, एवढंच. एकमेकांच्या चुका अशा रीतीने झाकण्याची पद्धत आपल्या सरकारी कचेऱ्यांत फार आधीपासून आहे, पण तिचं पेटंट घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, प्रात्यक्षिक इतकं चोख झालं म्हणजे सगळ्या युरोपने ‘पाल’ घेतली असणार. किती भाबडे हो तुम्ही! फ्रान्सची स्वतःची ‘सेकाम’ होती. १९६५ च्या मार्चमध्ये व्हिएन्नाला जगभरचे तज्ज्ञ आलेख आणि फिल्मा घेऊन चर्चेला जमणार, तेवढ्यात फ्रान्सने सोव्हिएत संघाशी सेकामचा करार करून टाकला. तज्ज्ञांना तरीही चर्चा करू दिली. प्रवासभत्ता मंजूर झालेला असताना परत कसं पाठवणार?

याचा सगळ्यात रंगतदार परिणाम पुन्हा बर्लिनलाच झाला. पूर्व जर्मनीने सेकाम घेतली आणि ३ ऑक्टोबर १९६९ रोजी, पूर्व बर्लिनचा उंच टीव्ही मनोरा खुला झाला त्याच दिवशी, आपलं रंगीत प्रक्षेपण सुरू केलं. दोन्हीकडे ६२५ रेषा, भाषा एकच, लहरींना भिंत अडवत नाही. त्यामुळे पूर्वेकडच्या घरात पश्चिमेचा कार्यक्रम यायचा, पण सेकामच्या टीव्हीवर तो दिसायचा काळापांढरा. माणसं भिंतीपाशी अडली, रंग टीव्हीच्या पेटीत. पुढे पूर्वेकडच्या लोकांनी ‘पाल’ची सोय करून घेतली. ते प्रात्यक्षिक मात्र घराघरांत झालं, फीत न कापता.

आपल्याकडे हा रंग पोचला १९८२ साली. वर्ध्याचे खासदार वसंत साठे तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. गरीब देशाला ही चैन कशाला, म्हणून त्यांच्यावर भरपूर टीका झाली. साठे बधले नाहीत. स्वातंत्र्यदिनाचा सोहळा रंगीत दिसला, नोव्हेंबरात एशियाड दिसलं आणि टीका करणाऱ्यांनीही शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात जागा धरली. पद्धत ब्रुख यांचीच, ‘पाल’. हॅनोव्हरच्या त्या खोलीचे उपकार आपल्या हमलोगांनी वर्षानुवर्षं घेतले, नाव मात्र विचारलं नाही.

तर यजमान केंद्रप्रमुखांनो, पुढच्या महिन्यात तुमच्या दारात गाडी उभी राहील तेव्हा लाल बटण जरूर ठेवा, चांगलं ताटलीएवढं. शाल, नारळ, गुच्छ, सगळं करा. एकच करा, त्या बटणाला तार जोडू नका. तार आतल्या मुलाच्या हाती द्या आणि प्रास्ताविकात त्याचं नाव घ्या. पाहुण्यांचं भाषण झाल्यावर इंजिनियरांना खांबामागून बाहेर काढा, गाडीत शिरू द्या, झाकणं उघडू द्या, नको ते प्रश्न विचारू द्या. आणि समोसे त्यांच्यासाठीही शिल्लक ठेवा.